विक्री चांगली, हातात पैसा नाही: हिशेब शिकायला कुठून सुरुवात करावी?

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजलो. कराडजवळ घरच्या घरी कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी करता. फेब्रुवारीत सुरुवात केली. महिन्याला लाखाच्या आसपास माल जातो, तरी महिनाअखेरीला डंकवाल्याचे, म्हणजे मसाला कांडून देणाऱ्याचे, पैसे द्यायला घरातून काढावे लागतात. दीर म्हणतात टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, क्लास लावा, मैत्रीण म्हणते मार्चमध्ये सीए बघून घेईल. तुमचं शिक्षण कला शाखेचं, आकडेमोडीची धास्ती आहे, आणि दिवाळीला नवी वही पुजून सुरुवात करू का, असं विचारलंय.

मी सांगलीत छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब आणि कराची कामं करतो. हळदीचे अडते, बेकरीवाले, शिवणकाम करणाऱ्या महिला, गॅरेजवाले असे सगळे येतात. पहिल्या वर्षी बहुतेक जण हेच विचारतात, आणि सॉफ्टवेअर येत नाही म्हणून आपलं अडलंय असं त्यांना वाटतं. तुमचं अडलंय ते दुसरीकडे. आलेली रक्कम आणि झालेला नफा यांतला फरक, आणि धंद्याचा पैसा कुठे संपून घरचा कुठे सुरू होतो, या दोन गोष्टी तुम्हाला आज दिसत नाहीत. त्या दिसाव्यात म्हणून पुस्तपालन, म्हणजे हिशेब लिहिण्याची रीत, शिकायची. टॅली, सीए, जीएसटी त्यानंतर.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगतो. तुमच्या जागी ब्युटी पार्लर किंवा शिकवणी असती तर मालसाठ्याचा भाग जवळजवळ गळून पडला असता. भागीदारी असती तर पहिल्या दिवसापासून व्यवस्थित लेखापाल लावा, असं म्हणालो असतो, कारण तिथे हिशेबावरून नाती तुटतात. तुमचा धंदा एकटीचा, मालाचा आणि थोड्या उधारीचा आहे, असं धरून पुढचं लिहितोय.

पैसे कुठे गेले ते एका महिन्याच्या आकड्यांवरून पाहू. आकडे मी धरलेत, तुम्ही तुमचे घाला. एप्रिलच्या एक तारखेला गल्ला आणि बँक मिळून ९०,००० रुपये होते. महिन्यात विक्री झाली १,००,००० ची. त्यातले ६२,००० रोख आणि यूपीआयने आले, ३८,००० दुकानदारांकडे उधार राहिले. सीझन म्हणून मिरची, खोबरं, धणे, लसूण अशी ९०,००० ची खरेदी केली आणि पैसे लगेच दिले. पॅकिंगला ८,०००, डंकाला ६,०००, मदतीच्या दोघींना ९,०००, कुरिअरला ५,०००. शिवाय घरासाठी, म्हणजे शाळेची फी आणि किराणा, यातूनच १८,००० गेले. महिनाअखेरीला हातात उरले १६,०००. नव्वदाचे सोळा झाले की कुणालाही वाटणार, धंदा बुडतोय.

आता नफा काढू. महिन्याच्या सुरुवातीला घरात १०,००० चा माल होता, शेवटी ४८,००० चा उरला. म्हणजे १०,००० अधिक ९०,००० वजा ४८,०००, असा ५२,००० चा मालच खरोखर वापरला गेला. त्यात पॅकिंग, डंक, मजुरी आणि कुरिअरचे २८,००० मिळवले की एकूण खर्च ८०,०००. विक्री एक लाखाची, तेव्हा नफा २०,०००. तोटा झालेलाच नाही. मग ७४,००० कमी कसे झाले? ३८,००० उधारीत अडकले, ३८,००० वाढलेल्या साठ्यात म्हणजे पोत्यांत आणि डब्यांत जाऊन बसले, १८,००० घराने उचलले. हे झाले ९४,०००. त्यातून नफ्याचे २०,००० वजा केले की बरोबर ७४,०००. पैशापैशाचा ठावठिकाणा लागतो. हा पडताळा तुम्हाला स्वतःच्या आकड्यांवर करता आला, की पुस्तपालनाचा अर्धा गाभा हाती आला असं समजा.

आणि हो, त्या २०,००० मध्ये तुमच्या स्वतःच्या कामाची मजुरी धरलेली नाही. घरचा गॅस आणि वीजही नाही. किंमत ठरवताना ते तिन्ही डोक्यात ठेवा. घरगुती व्यवसायात दर कमी लावले जातात ते बहुधा इथेच.

दिवाळीसाठी थांबू नका. लक्ष्मीपूजनाला वही जरूर पुजा, ती आपली रीत आहे, पण कराचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च चालतं आणि हिशेब आजपासून लिहिला तरी चालतो. मागचे सगळे महिने आधी नीट लावायचे आणि मगच पुढे जायचं, या हट्टापायी लोक सुरूच करत नाहीत. आज रात्री एक यादी करा: गल्ल्यात किती, बँकेत किती, कच्चा आणि तयार माल वजनाने किती व खरेदीच्या भावाने किती रुपयांचा, कोणाकडून किती येणं, सीलिंग मशीन-वजनकाटा यांची किंमत. खाली लिहा कोणाचं किती देणं, कर्ज असेल तर ते. वरच्या बेरजेतून खालची वजा केली की जे उरेल ते तुमचं आजचं भांडवल. एप्रिलपासूनचा मागचा भाग आयकराच्या विवरणपत्रासाठी लागेल. तो बँकेच्या उताऱ्यावरून आणि बिलांवरून सवडीने, रविवारी थोडा थोडा लावता येईल.

त्याच आठवड्यात धंद्याचं बँक खातं वेगळं करा. चालू खातं मिळालं तर उत्तम. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत आहे, ती असली की बँकेत खातं उघडणं सोपं जातं. लगेच जमत नसेल तर तुमच्या नावाचं एखादं रिकामं पडलेलं बचत खातं तेवढ्यापुरतं धंद्याला लावा आणि क्यूआर कोड त्याच खात्याचा ठेवा. घराला पैसे लागले तर ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम त्या खात्यातून घरच्या खात्यात पाठवा. हिशेबात तिला ‘उचल’ म्हणतात. उचल हा धंद्याचा खर्च नव्हे. तो मालकाने आपल्या भांडवलातून परत घेतलेला भाग असतो. घरातून टाकलेले पैसेसुद्धा विक्री नव्हेत, ते भांडवल. डंकवाल्याला द्यायला तुम्ही घरातून जे काढलेत ते कुठेच लिहिले नसतील, तर धंदा घराचं किती देणं लागतो हे आज तुम्हालाही सांगता येणार नाही.

आता रोजचं काम. साधी लांब वही घ्या आणि पहिला महिना फक्त रोजकीर्द लिहा. तारीख, कोणाकडून किंवा कोणाला (गावासकट), कशासाठी, रोख की बँक, आले की गेले, आणि बिलाचा क्रमांक. एवढंच. रात्री गल्ला मोजायचा, कालची शिल्लक अधिक आलेले वजा गेलेले करून हातशिल्लक काढायची आणि मोजलेल्या नोटांशी ताडून पाहायची. पाच-दहा रुपयांचा फरक शोधत रात्र घालवू नका, पण आकडा ओढूनताणून जुळवूही नका. ‘तफावत’ म्हणून तोच फरक लिहा. माझ्या अनुभवात महिनाभराच्या तफावती एकत्र पाहिल्या की कारण आपोआप कळतं: कोणीतरी गल्ल्यातून दूध-भाजीला पैसे घेतंय, किंवा प्रदर्शनाच्या दिवशी सुट्ट्यांचा गोंधळ होतोय.

ही नोंद त्याच दिवशी हवी. यूपीआयचा उतारा बँकेकडून केव्हाही मिळतो, पण त्यात ४५० रुपये आणि कुणाचं तरी अर्धवट नाव एवढंच असतं. ते अर्धा किलो मसाल्याचे, मागच्या बाकीचे की आगाऊ, हे दहा दिवसांनी तुम्हालाही आठवत नाही. प्रत्येक बिलावर स्वतःचा क्रमांक टाका आणि महिन्याच्या फाइलला लावा. दुकानातून मशीनवर निघणाऱ्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या काही महिन्यांत पुसट होतात, त्यांचा फोटो घेऊन ठेवा. मंडईत लसूण घेतला आणि बिल मिळालं नाही, तर स्वतः व्हाउचर लिहा: तारीख, माल, वजन, रक्कम, आणि जमलं तर देणाऱ्याची सही.

दुसऱ्या महिन्यात खतावणी. कीर्द तारखेने चालते, खतावणी माणसाच्या आणि कारणाच्या नावाने. प्रत्येक दुकानदाराचं एक पान, खरेदी, विक्री, मजुरी, कुरिअर, उचल, रोख, बँक यांचं एकेक पान. इथे ‘नावे’ (डेबिट) आणि ‘जमा’ (क्रेडिट) येतात आणि लोक घाबरतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, त्या दोन्ही लिहायच्या. दुकानदाराला ३,००० चा माल उधार दिला: त्याच्या नावे ३,०००, विक्री खात्याला जमा ३,०००. आठवड्याने त्याने २,००० पाठवले: बँकेच्या नावे २,०००, त्याच्या खात्याला जमा २,०००. त्याच्या पानावर १,००० नावे उरले, तेवढं येणं बाकी. मुलाची फी ४,००० गल्ल्यातून भरली: उचल खात्याच्या नावे ४,०००, रोख खात्याला जमा ४,०००. अशी पंचवीस-तीस उदाहरणं हाताने लिहिलीत की बोटांना सवय होते.

एक जागा मात्र हमखास अडवते. पासबुकात तुमची शिल्लक जमेला दिसते आणि तुमच्या वहीत बँक नावेला येते. दोन्ही बरोबर आहे. पासबुक म्हणजे बँकेच्या खतावणीतलं तुमचं पान. बँक तुमचं देणं लागते, म्हणून तिच्याकडे ते जमा. तुम्हाला बँकेकडून येणं आहे, म्हणून तुमच्याकडे नावे.

महिनाअखेरीला सगळ्या पानांच्या शिलका एका कागदावर उतरवा, नावे एकीकडे आणि जमा दुसरीकडे. ही तेरीज. दोन्ही बेरजा जुळायला हव्यात. जुळल्या म्हणजे सगळं बरोबरच आहे असं नाही, कारण मजुरीची रक्कम कुरिअरच्या पानावर गेली तरी तेरीज जुळते. पण न जुळणं ही चूक असल्याची पक्की खूण. फरकाची रक्कम दोनने भागून तेवढीच नोंद शोधा, बऱ्याचदा ती चुकीच्या बाजूला लिहिलेली सापडते. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल पाहा, ५४० चे ४५० वगैरे.

उधारीबद्दल जरा जास्त बोलतो, कारण तुमच्या अडचणीचं मूळ तिथे असावं अशी मला शंका आहे. तुम्ही लिहिलंय की काही दुकानदार ‘ठेवून जा, विकला की देतो, नाही खपला तर परत न्या’ म्हणतात. ताई, तो माल तुम्ही विकलेलाच नाही. तो तुमचाच साठा आहे, फक्त त्यांच्या फळीवर. तो विक्रीत धरलात तर विक्री फुगते, नफा फुगतो, आणि परत आलेल्या पाकिटांची मुदत संपत आलेली असते. अशा मालाची वेगळी वही करा: कुठल्या दुकानात, कुठल्या तारखेला, किती पाकिटं ठेवली, किती विकली, किती परत. दर पंधरा दिवसांनी स्वतः जाऊन मोजा आणि जेवढी खपली तेवढ्याचंच बिल करा.

खरी उधारी असेल तर महिन्याला एक यादी काढा: तीस दिवसांच्या आतली, तीस ते साठ, आणि साठच्या पुढची. साठच्या पुढे गेलेल्याला नवा माल रोखीनेच द्यायचा, हा माझ्याकडच्या लोकांसाठी मी लावलेला नियम आहे. तो कायद्यात नाही, पण त्याने अनेकांचं भांडवल वाचलेलं मी पाहिलंय. मोठं स्टोअर पैसे अडकवत असेल तर कायद्याचा आधार आहे. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. अशी थकबाकी मुदत उलटून वर्षअखेरपर्यंतही न दिल्यास खरेदीदाराला ती त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. तुमच्या बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की त्यांचा हिशेबनीस तुमची थकबाकी बाजूला काढून ठेवत नाही. गल्लीतल्या किराणा दुकानदारावर मात्र याचा उपयोग करायला जाऊ नका, तिथे दर आठवड्याची फेरीच कामाला येते.

साठा महिन्यातून एकदा वजन करून मोजा. मिरची पोत्यातून काढून देठं काढली, ऊन दिलं, की वजन उतरतं. डंकावरही थोडं जातं. घेतलेलं वजन आणि तयार मसाल्याचं वजन शेजारी शेजारी लिहिलंत की तुमची घट तुम्हाला कळेल. दोन-तीन घाण्यांनंतर किलोमागे खरा खर्च काय येतो ते सांगता येईल. घरात वापरलेला किंवा पाहुण्यांना दिलेला मसालाही लिहा, तोही उचलीतच जातो.

यंत्र घेतलं तर ते खरेदी खात्यात टाकू नका, ती मालमत्ता. दरवर्षी तिच्यावर घसारा, म्हणजे वापराने होणारी किंमतीतली घट, काढतात, आयकरात यंत्रांना साधारण १५ टक्के. बचत गटाचं कर्ज आलं तर ते उत्पन्न नव्हे. हप्त्यातलं व्याज तेवढं खर्च, मुद्दल म्हणजे देणं फेडणं.

कायद्याचं आत्ता एवढंच माहीत असू द्या. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी ४० लाखांच्या वार्षिक उलाढालीनंतर लागते, तुम्ही अजून बऱ्याच खाली आहात. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला तर ही मर्यादा लागू होत नाही, पहिल्याच विक्रीला नोंदणी लागते. कुरिअरचा खर्च तुमच्याकडे आहे म्हणून विचारतो: बेळगाव, पणजी, बेंगळुरूला पार्सलं जातात का? जात असतील तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात सल्लागाराला गाठा. कीर्दीत गिऱ्हाइकाचं गाव लिहायचं ते यासाठीच.

आयकरात छोट्या धंद्याला उलाढालीवर अंदाजे नफा दाखवायची सोय आहे: रोखीच्या विक्रीवर ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्यावर ६ टक्के. खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी नवा आयकर कायदा आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदललेत, म्हणून मी क्रमांक देत बसत नाही. या सोयीमुळे ‘वह्या कशाला’ असं तुम्हाला कोणी सांगेल. कर भरण्यापुरतं ते खरं असेलही, पण उधारी, साठा आणि उचल त्या ६-८ टक्क्यांतून दिसत नाहीत. उद्या बँकेत कर्जाला गेलात तर तिथेही हीच कागदपत्रं मागतात. अंदाजे नफ्याची वाट न धरता खरा हिशेब दाखवायचा असेल, तर व्यापाऱ्याला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलेले पैसे खर्च म्हणून धरले जात नाहीत. थेट शेतकऱ्याकडून मिरची घेतली तर त्याला सूट आहे. तेव्हा बाजारातल्या मोठ्या खरेदीचे पैसे बँकेतूनच द्या.

मैत्रिणीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. सीए हवाच, पण तुम्ही द्याल त्यावरच तो काम करतो. मार्चमध्ये पिशवीभर पावत्या नेल्यात तर तो त्यातून विवरणपत्र तयार करेल. कोणत्या दुकानात किती पाकिटं पडून आहेत ते त्याला कुठून कळणार? वर्षातून एकदा जाण्याऐवजी तीन महिन्यांची वही घेऊन एकदा अर्धा तास बसा, फी आधी विचारून घ्या, आणि खाती कशी पाडायची ते त्याच्याकडून ठरवून घ्या.

राहिला दिरांचा सल्ला. पुस्तकातून शिकायचं असेल तर बालभारतीचं अकरावी वाणिज्यचं पुस्तपालनाचं मराठी पाठ्यपुस्तक पुरेसं आहे, त्यांच्या संकेतस्थळावर ते मोफत उतरवून घेता येतं. कीर्द, खतावणी, रोखपुस्तक, बँक जुळवणी, तेरीज आणि शेवटी एकल व्यापाऱ्याचे अंतिम हिशेब एवढे भाग करा, बाकीचे सोडा. टॅलीचा क्लास जानेवारीत लावा. तोवर तुमच्या हातात दोन-तीन महिन्यांच्या स्वतःच्या नोंदी असतील. क्लासमध्ये सरावाला दुसऱ्याच कुठल्या तरी कंपनीचे आकडे देतात. ते झाले की तुमचा एक महिना भरून पाहा. टॅलीच्या मोफत शैक्षणिक आवृत्तीत महिन्याच्या पहिल्या, दुसऱ्या आणि शेवटच्याच तारखेला नोंदी घेता येतात, पण सरावाला तेवढं चालतं. सगळ्या नोंदी शेवटच्या तारखेला टाका. मग त्यातली तेरीज तुमच्या वहीतल्या तेरजेशी लावून बघा. जुळली तर परवाना विकत घ्यायला हरकत नाही, आणि नाही जुळली तर कुठे अडलं ते त्या पानाच्या फोटोसकट मला लिहा, मी पाहून सांगेन.